म्हातारीच्या बेटावर दुखवटा

मालाडच्या पक्षिनिरीक्षक मंडळात पक्षी नुसता दिसून भागत नसे. तो सभेपुढे मांडावा लागे. ज्याला दिसला त्याने सूचक म्हणून उभं राहायचं, दुसऱ्या कुणीतरी आपणही पाहिल्याचं सांगून अनुमोदन द्यायचं, अध्यक्षांनी कुणाची हरकत आहे का असं विचारून चारी बाजूंना पाहायचं, आणि मग चिटणिसांनी त्या पक्ष्याला इतिवृत्तात जागा द्यायची. हा नियम अध्यक्ष मार्तंडराव टिपणीस यांनी घालून दिला होता. सरकारी नोकरीत जन्मभर त्यांनी सभांची इतिवृत्तं तपासली होती, आणि निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही म्हणून ते पक्ष्यांकडे वळले होते. पक्ष्यांना सभेचे नियम ठाऊक नसल्याने पुष्कळदा पंचाईत होई. सूचक घसा खाकरून उभा राहीपर्यंत खंड्या तारेवर बसून असे, आणि अनुमोदकाने चष्मा पुसून मान वळवली की नेमका उडे. कावळे मात्र नेहमी एकमताने मंजूर होत.

वसुधाचे वडील श्यामसुंदर वाळिंबे या मंडळाचे पहिल्या दिवसापासूनचे सभासद. फोर्टातल्या एका विमा कचेरीत हेडक्लार्क, अंगाने किडकिडीत, बोलण्यात चिकट नाही आणि चिकाटीत कमी नाही. १९४९ साली मंडळाची वार्षिक सहल म्हातारीच्या बेटावर गेली होती. मार्व्याहून शिडाच्या होडीने दोन तास बाहेर गेलं की हा खडकाळ तुकडा लागतो. लांबून तो पाठीत वाकलेल्या बाईसारखा दिसतो म्हणून कोळ्यांनी त्याचं नाव म्हातारी ठेवलेलं. तिथे बाकीची मंडळी पंगतीला बसली असताना श्यामराव एकटेच पश्चिमेच्या टोकाला गेले आणि थोड्या वेळाने धोतर खोचून, धापा टाकत परत आले. त्यांनी एक पक्षी पाहिला होता. पांढराशुभ्र, कबुतरापेक्षा मोठा, आणि शेपटातून निघालेली हातभर लांबीची दोन पिसं फितीसारखी मागे लहरत होती. पक्षी अजून टोकाजवळ घिरट्या घालतो आहे, चला, असं ते म्हणत होते.

पानावरून कुणी उठलं नाही. जिलबी नुकतीच वाढली होती. मार्तंडराव बसल्या जागेवरून म्हणाले, की श्यामराव, बगळ्याच्या पायात सुतळी अडकली असेल. मंडळी मनापासून हसली. संध्याकाळी इतिवृत्तात नोंद झाली: ‘अनुमोदनाअभावी पक्षी नामंजूर.’ आणि श्यामराव त्या दिवसापासून मंडळापुरते सुतळीवाले झाले.

त्या पंगतीत वसुधाही होती. चोवीस वर्षांची, हातात मठ्ठ्याचं भांडं घेऊन वाढत असलेली. वडिलांनी सगळ्यांकडे पाहून शेवटी तिच्याकडे पाहिलं होतं. त्यांच्या पोटऱ्यांना चिखल लागला होता आणि लोक हसत होते. ती म्हणाली होती, “बाबा, आधी जेवून घ्या.”

ते जेवले. त्यानंतर आठ वर्षं ते दर सहलीला गेले, दर वेळी जेवण सोडून टोकाला जाऊन बसले, आणि दर वेळी कुणीतरी विचारलं, काय श्यामराव, सुतळी सुटली का. ते तोंड मिटून हसत. घरी आल्यावर दारात चपला काढतानाच वसुधाला सांगत, आज नाही. एवढंच. गेल्या मार्गशीर्षात तीन दिवसांच्या तापाने ते गेले. वसुधाने त्यांचे कपडे वाटून टाकले, पुस्तकं पुसून परत लावली, आणि गोरेगावच्या शाळेत पाचव्या दिवशी वर्गावर उभी राहिली. बाईंनी फार धीराने घेतलं, असं शिक्षकांच्या खोलीत म्हणत. तिला ते ऐकू येई आणि ती वह्या तपासत राही.

फेब्रुवारीत मंडळाचा चिटणीस नंदकुमार घरी आला. तिशीचा, बँकेत नोकरी, बोलण्यात नरम, कपाळावर कायम एक आठी, जणू सगळी चूक त्याचीच आहे. त्याने कागद काढला. यंदाची सहल श्यामरावांच्या स्मरणार्थ म्हातारीच्या बेटावरच न्यायची होती, तिथे दुखवट्याचा ठराव करायचा होता, आणि त्या ठरावात श्यामरावांचा १९४९ सालचा पक्षी सन्मानपूर्वक मंजूर करून घ्यायचा होता. मंडळाची भावना फार तीव्र आहे, असं नंदकुमार म्हणाला. नऊ वर्षं जिवंत माणसाला जो पक्षी देता आला नाही, तो मेल्यावर द्यायला मंडळ एका पायावर तयार होतं.

अडचण एकच होती. अनुमोदक. नंदकुमारने अकरा सभासदांना विचारलं होतं. अकराही जणांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि अकराही जणांनी सही करायला नकार दिला होता, कारण न पाहिलेल्या पक्ष्याखाली सही करणं तत्त्वात बसत नव्हतं. शेवटी मार्तंडरावांनी तोड काढली. मुलगी त्या दिवशी बेटावर होतीच. तिने आपणही पाहिल्याची सही द्यावी. मुलीची सही कोण तपासायला बसलंय. ती सभासद नाही हे खरं, पण सभासदत्वाचा अर्ज ठरावाच्या पाठीलाच छापून घेतला होता. सही एक, कामं दोन. कागदाच्या तळाशी टंकलेलं होतं: ‘अनुमोदक: कु. वसुधा वाळिंबे, प्रत्यक्षदर्शी.’

वसुधाने तो शब्द दोनदा वाचला आणि बेटावर गेल्यावर काय ते सांगते, असं म्हणाली. नंदकुमार चहा न घेता गेला.

त्यानंतरच्या आठ दिवसांत तिने सही करायचं निदान वीसदा ठरवलं. एका सहीने सुतळीची थट्टा संपणार होती. बाबांचं नाव इतिवृत्तात पक्ष्यासमोर लागणार होतं. खोटं कुणाला बाधणार होतं? त्या दिवशी ती उठली असती तर ही सही खरीच झाली असती. म्हणजे खोटेपणा फार तर पन्नास पावलांचा. असं सगळं ती स्वतःला समजावी, आणि मग बाबांची वही उघडे. त्या वर्षीच्या पानावर त्यांच्या बारीक अक्षरात वेळ होती, वाऱ्याची दिशा होती, पिसांची लांबी होती, आणि शेवटी एक ओळ: ‘डोळ्याभोवती काळी रेघ असावी असं वाटलं. नक्की नाही. धरू नये.’ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली रेघसुद्धा न धरणारा हा माणूस. त्याच्या नावाने तिने न पाहिलेला अख्खा पक्षी धरायचा होता.

रविवारी पहाटे मंडळी मालाड स्टेशनबाहेर जमली. मालाड बृहन्मुंबईत गेल्याला वर्ष झालं होतं आणि मार्तंडराव अजून प्रत्येक भाषणात त्याचा उल्लेख करत, आपण स्वतः ते गाव उचलून नेऊन ठेवल्यासारखा. त्यांनी डोक्याला बुचाची टोपी घातली होती, गळ्यात दुर्बीण होती आणि टोपीला दुखवट्याची काळी फीत. त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई डब्यांचा ढीग मोजून घेत होत्या. वसुधाला पाहताच त्यांनी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, की दुखवट्याची सहल म्हणून यंदा जेवण अगदी साधं ठेवलंय, पुरी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, भजी आणि श्रीखंड. श्रीखंड श्यामरावांसाठी. त्यांना फार आवडायचं.

श्यामरावांना श्रीखंडाने पित्त होई. वसुधा म्हणाली, हो.

मार्व्याला धोंडू कोळ्याची होडी तयार होती. धोंडू पन्नाशीचा, काळाकभिन्न, मितभाषी. गेली दहा वर्षं तोच मंडळाला बेटावर नेत आला होता आणि एवढ्या वर्षांत मंडळाने त्याच्याशी भरतीच्या वेळेखेरीज काही बोलल्याचं वसुधाला आठवत नव्हतं. चौदा माणसं, डबे, सतरंज्या, थर्मास आणि मेणकापडात गुंडाळलेलं इतिवृत्ताचं बाड होडीत चढलं. बाड कोरडं राहावं म्हणून नंदकुमार ते मांडीवर घेऊन बसला. स्वतः मात्र कमरेपर्यंत भिजला.

खाडीच्या तोंडाशी पक्षिनिरीक्षणाला आरंभ झाला. दुर्बीण मंडळात एकच होती आणि ती ज्येष्ठतेप्रमाणे फिरे. मार्तंडराव आधी पाहत, मग उपाध्यक्ष, मग खजिनदार. होडीच्या दुसऱ्या टोकाला ती पोचेपर्यंत तिथल्यांना समुद्राचं शुद्ध निरीक्षण करायला मिळे. तरी अर्ध्या तासात सात बगळे, दोन घारी आणि कुरवांचा एक थवा मंजूर झाला. थवा मोजताना मतभेद झाले. कुणी चाळीस म्हणालं, कुणी साठ. मार्तंडरावांनी पन्नास असा मध्यममार्गी तोडगा सुचवला आणि पन्नास कुरव बिनविरोध संमत झाले.

पुढे मोकळ्या समुद्रात डाव्या अंगाला डॉल्फिनांची जोडी उसळली. ओल्या पाठी उन्हात चकाकल्या आणि क्षणभर सगळी होडी गप्प झाली. मग खजिनदार सूचना मांडायला उभे राहिले, होडी कलली, धोंडूने त्यांना शर्टाला धरून खाली बसवलं. मार्तंडरावांनी घटनेच्या तिसऱ्या कलमाची आठवण करून दिली. मंडळ पक्ष्यांचं होतं. जलचर विषयपत्रिकेवर नव्हते. डॉल्फिन बराच वेळ होडीला सोबत करत पोहत राहिले, पण नंतर त्यांच्याकडे कुणी अधिकृतपणे पाहिलं नाही.

वसुधा पाहत होती. मनातल्या मनात ती त्यांची वेळ आणि दिशा लिहून ठेवते आहे, हे तिच्या जरा वेळाने लक्षात आलं.

बेटावर उतरल्यावर प्रथम स्थलदर्शन. बेटाच्या उंचवट्यावर एक ढासळलेला बुरूज होता, फिरंग्यांच्या वेळचा असावा, आणि त्याच्या पायथ्याशी कोळ्यांचा शेंदूर फासलेला दगड. धोंडूने उतरल्या उतरल्या नारळ फोडला आणि तो होडीकडे परत गेला. मार्तंडरावांनी बुरुजावर व्याख्यान दिलं. हे व्याख्यान दर वर्षी होई आणि दर वर्षी बुरूज शंभर वर्षांनी जुना होई. यंदा तो यादवांच्या काळात पोचला होता. व्याख्यान चालू असताना खडकाच्या कपारीतून तुतवारांची जोडी उडाली. ती कुणी मांडली नाही, कारण अध्यक्ष बोलत असताना सूचना मांडता येत नव्हती. मग समूहाचा फोटो झाला. फोटोत बुरूज यावा म्हणून सगळ्यांनी समुद्राकडे पाठ केली, आणि उन्हाचा त्रास नको म्हणून पुढच्या कार्यक्रमालाही तशीच ठेवली.

पुढचा कार्यक्रम दुखवट्याचा होता. जेवणाआधी तो उरकून घ्यावा, नंतर डोळे जड होतात, असं रत्नप्रभाबाईंचं मत पडलं.

मंडळी अर्धवर्तुळ करून उभी राहिली. मार्तंडराव बोलले आणि चांगलं बोलले. त्यांना माणसं गेल्यावर चांगलं बोलता येई. श्यामरावांची चिकाटी, श्यामरावांचा साधेपणा, श्यामरावांची निरीक्षणशक्ती. सुतळीचा उल्लेख त्यांनी टाळला, पण टाळताना इतके स्पष्टपणे थांबले की दोघांतिघांनी खोकून हसू दाबलं. शेवटी त्यांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं, नंदकुमारला वेळ पाहायला सांगितलं, टोपी काढून छातीशी धरली आणि डोळे मिटले. सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या. नंदकुमारची नजर तेवढी उघडी होती आणि ती मनगटावरच्या घड्याळात होती.

वसुधाला मान खाली घालता येईना. मार्गशीर्षापासून तिने एवढ्या वेळा मान खाली घातली होती की आता तिला ते जमतच नव्हतं. ती वळली आणि टोकाकडे पाहत उभी राहिली.

तो उजवीकडून आला. आधी तिला ते उन्हात पांढरं पडलेलं लाटेचं टोक वाटलं, मग ते लाटेपासून सुटलं आणि वर चढलं. पंख भराभर, कबुतरासारखे मारत तो टोकावरून गेला, परतला, वाऱ्यावर क्षणभर तिरपा झाला, आणि तेव्हा तिला शेपूट दिसलं. लांब, दोन पातळ पिसं, वाऱ्याने एकमेकांपासून अलग झालेली. ती पायात नव्हती, पक्ष्याच्या अंगातूनच निघाली होती. इतकं स्वच्छ दिसलं, की त्यावर वाद घालणाऱ्या माणसाला हसावं की रडावं, हे कुणाला कळलं नसतं.

ओरडायला हवं होतं. पण बापाच्या दुखवट्याच्या शांततेत ओरडायचं कसं? तिच्या तोंडून एवढंच निघालं, “बघा. तिकडे बघा.”

शेजारी उभ्या असलेल्या रत्नप्रभाबाईंनी डोळे न उघडता तिचा हात घट्ट धरला आणि पुटपुटल्या, “रड गं बाई. मोकळी हो.”

नंदकुमारने तिचा आवाज ऐकला होता. त्याची मान किंचित हलली, पण अजून पंचवीस सेकंद राहिले होते आणि ते मोजायची जबाबदारी त्याची होती. पक्षी एकदा आणखी वळला, पश्चिमेला निघाला आणि उन्हाच्या चकाकीत दिसेनासा झाला. मग नंदकुमारने वेळ झाल्याचं सांगितलं आणि सगळ्यांनी डोळे उघडले.

वसुधाने सांगितलं. पांढरा, लांब शेपटाचा, आत्ता इथून गेला, टोकावरून. आवाज चढवला नाही, वर्गात शिकवताना सांगावं तसं सांगितलं.

कुणी हसलं नाही. तिला वाटलं होतं हसतील. त्यापेक्षा विलक्षण प्रकार घडला. रत्नप्रभाबाईंचे डोळे भरून आले, त्यांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, “श्यामरावच आले होते.”

मंडळीत एक झुळूक फिरावी तसं झालं. खजिनदारांनी हात जोडले. कुणीतरी विचारलं, दहाव्याला कावळा किती वेळाने शिवला होता. वसुधा म्हणाली, दीड तासाने. पुष्कळ माना हलल्या. इच्छा राहिली होती त्यांची, या बेटाची इच्छा राहिली होती, आज फिटली. दोन मिनिटांच्या शांततेत, लेकीलाच दर्शन दिलं. उपाध्यक्षांना आपल्याही गालाला वाऱ्यासारखं काहीतरी चाटून गेल्याचं आठवलं. आणखी एका गृहस्थांनी डोळे मिटलेले असताना पांढरा प्रकाश पाहिला होता. मार्तंडरावांनी खरोखर डोळे पुसले. त्यांनी नंदकुमारला ठरावात दुरुस्ती घ्यायला सांगितली: ‘कै. वाळिंबे हे या प्रसंगी पक्षिरूपाने उपस्थित होते.’ अनुमोदन कोण देतं असं विचारताच सात हात वर झाले.

नऊ वर्षं जो पक्षी म्हणून नामंजूर होता, तो आत्मा म्हणून अर्ध्या मिनिटात मंजूर झाला होता. आणि प्रत्यक्षदर्शींचाही तोटा नव्हता.

एक क्षणभर, हे तिने नंतर स्वतःशी कबूल केलं, वसुधालाही ते हवंसं वाटलं. बाबा आले होते, पाहून गेले, असं मानायचं, पदराला डोळे पुसायचे आणि श्रीखंड खायचं. पण मग ज्याच्यासाठी बाबा आठ वर्षं या खडकावर उपाशी बसले, तो कुठे गेला? त्यांनी स्वतःची वाट नव्हती पाहिली.

“तो पक्षी होता,” ती म्हणाली.

“हो, हो,” मार्तंडराव मायेने म्हणाले. “पक्षिरूपानेच.”

“रूपाने नाही, काका. बाबा नव्हते ते. पक्षी होता. त्यांनी पाहिलेला.”

मार्तंडरावांचा चेहरा हळूहळू अध्यक्षांचा झाला. पक्षी म्हटलं की प्रश्न वेगळा होत होता. पक्ष्याला नियम लागू होता. आणखी कुणी पाहिला का, असं त्यांनी विचारलं. ज्या गृहस्थांनी पांढरा प्रकाश पाहिला होता ते बुटाची नाडी बांधू लागले. उपाध्यक्षांचा गाल पुसून कोरडा झाला. तेव्हा कुणीतरी सुचवलं की धोंडूला विचारावं, तो खाली होडीपाशी होता, त्याचं तोंड समुद्राकडेच असणार. धोंडू सभासद नव्हता, पण प्रसंग पाहून अध्यक्षांनी खास अधिकारात त्याला बोलावून घेतलं.

धोंडू ओल्या हातांनी वर आला. मार्तंडरावांनी त्याला विचारलं, की लांब शेपटाचा पांढरा पक्षी आत्ता त्याने पाहिला की नाही. आणि विचारता विचारता मान होकारार्थी हलवत राहिले, साक्षीदाराला सोपं जावं म्हणून.

“नाय,” धोंडू म्हणाला. “मी होडीतला पानी काढत होतो. मान खाली होती.”

नीट आठवून बघ, असं मार्तंडरावांनी सुचवलं. काहीतरी पांढरं दिसलंच असेल. ताईंच्या वडिलांच्या नावासाठी आहे हे. सगळे त्याच्याकडे पाहू लागले, रत्नप्रभाबाई तर डोळ्यांनी विनवत होत्या. धोंडूने वसुधाकडे पाहिलं. तिला त्याच्या चेहऱ्यावर अवघडलेपणा दिसला, आणि त्याखाली काहीतरी न हलणारं.

“बाय, राग मानू नको,” तो तिला म्हणाला. “तुजा बापूस चांगला मानूस होता. पन नाय बगितला तो बगितला कसा सांगू?”

सकाळपासून ती चौदा माणसांत होती आणि बाबांच्या ओळखीचं कुणी भेटल्यासारखं तिला आत्ता पहिल्यांदा वाटलं. ती म्हणाली, बरोबर आहे तुमचं. धोंडू खाली गेला.

मार्तंडरावांनी घड्याळ पाहिलं. पुऱ्या वातड होत होत्या. त्यांनी वसुधाला जरा बाजूला घेतलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच अंतरावर, आणि समजुतीने सांगितलं. हे बघ पोरी, आता तर सगळं सोपं झालं. तुझ्या मनात शंका होती, तीही आज गेली. पक्षी तू पाहिलास ना? मग मूळ ठरावावर सही कर. पक्षी खरा, सही खरी. साल तेवढं मागचं. आजचा पक्षी मंजूर करायचा तर आजचा अनुमोदक लागेल, तो नाही. मागचा मंजूर करायचा तर तू आहेस. श्यामरावांचं नाव लागतंय. आणखी काय हवंय तुला?

नंदकुमारने बाड तिच्यापुढे धरलं आणि पेनाचं टोपण काढून दिलं. कागद वाऱ्याने फडफडत होता. तिने तो अंगठ्याने दाबून धरला. ‘प्रत्यक्षदर्शी’ हा शब्द बरोबर अंगठ्याशेजारी आला. मार्तंडरावांचं म्हणणं तिला खोडता येईना. पक्षी होता. बाबांनी पाहिला होता. तिने पाहिला होता. या सगळ्या खऱ्यात साल तेवढं खोटं. डोळ्याभोवतीच्या एका रेघेएवढं.

तिने पेन खाली केलं.

“त्या वर्षी मी पाहिला नाही, काका. ते बोलवायला आले तेव्हा मी उठले नाही. आधी जेवून घ्या म्हटलं.” तिने पेन नंदकुमारला परत दिलं. “तुम्हीही उठला नव्हता. कुणीच उठलं नव्हतं.”

त्यानंतरची शांतता कुणी घड्याळावर मोजली नाही. खजिनदार बुरुजाकडे पाहत राहिले. रत्नप्रभाबाईंनी डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

मग मार्तंडरावांनी टोपी डोक्यावर ठेवली. ते दुखावले होते, आणि दुखावले की त्यांची भाषा फार शुद्ध होई. अनुमोदनाअभावी मूळ ठराव पडला आहे, असं त्यांनी जाहीर केलं. आजच्या पक्ष्याबद्दल बोलायचं तर सूचना मांडणारी व्यक्ती मंडळाची सभासद नसल्याने तो सभेपुढे आलेलाच नाही. सबब तो नामंजूरही करता येत नाही. वाळिंबे यांच्या उपस्थितीची दुरुस्ती मात्र सात अनुमोदनांनी संमत झालेली असल्यामुळे ती राहील.

“ती काढा,” वसुधा म्हणाली.

“ती मंडळाची भावना आहे.”

“मग मंडळाच्या नावाने लिहा. बाबा आले होते असं लिहू नका. त्यांना त्याचा राग येईल.”

यावर काय नियम आहे हे मार्तंडरावांना आठवेना. त्यांनी विषय जेवणानंतर घ्यायचं ठरवलं, आणि जेवणानंतर तो कुणी घेतला नाही. जेवण झकास झालं, असं सगळे म्हणाले. श्रीखंड सगळ्यांत आधी संपलं. वसुधाने पुरी-भाजी खाल्ली, सगळी खाल्ली; उपाशी राहून टोकाला जाऊन बसायचं तिला सुचलं होतं, पण ते बघणाऱ्यांसाठी झालं असतं. पानावरून उठून मग ती गेली. तासभर बसली. पक्षी परत आला नाही.

उतरत्या उन्हात होडी निघाली. मंडळी दमली होती आणि हळू आवाजात बोलत होती. विषय आत्म्याचाच होता. त्याला ना सूचक लागत होता ना दुर्बीण. उपाध्यक्षांच्या गालावरची झुळूक परत आली होती आणि आता तिला चंदनाचा वास होता. मधूनमधून रत्नप्रभाबाई वसुधाकडे पाहून उसासा टाकत. लग्न न झालेल्या पोरी अशा कडवट होतात, वाचन फार झालं की तर विचारू नका, एवढं वाऱ्यावर तिच्यापर्यंत आलं. तिला राग आला नाही. धोंडूच्या जवळ, वल्ह्याच्या बाजूला ती बसली होती आणि बाबांची वही मांडीवर उघडी होती. तिने वेळ लिहिली. वारा लिहिला. पंख कसे मारत होता ते लिहिलं. मग पेन्सिल थांबली.

होडीच्या मधोमध बसलेला नंदकुमार उठला आणि डब्यांवरून पाय टाकत, बाड छातीशी धरून, तिच्या शेजारी येऊन टेकला. कपाळावरची आठी उन्हात आणखी खोल दिसत होती. एकदा त्याने मान वळवून मार्तंडरावांकडे पाहिलं. ते पुढच्या टोकाला, दुर्बीण लावून, किनारा जवळ येतो आहे का ते तपासत होते. तेव्हा तो तिच्या कानाशी वाकला. आवाज इतका खाली होता की दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये.

“वसुधाताई, चोच कशी होती?”

नऊ वर्षांत या मंडळातल्या कुणी त्या पक्ष्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता. वसुधाने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो बाडावर बोटं आवळून उत्तराची वाट पाहत होता, आणि भीत होता. तिने डोळे मिटून पुन्हा तो तिरपा झालेला क्षण आठवून पाहिला. पंख होते. शेपूट होतं. डोक्याच्या जागी नुसता उजेड होता.

मग तिने उत्तर दिलं, पण कुजबुजून नाही. होडीच्या पुढच्या टोकापर्यंत जाईल, दुर्बीण खाली यावी, बोलणारे गप्प व्हावेत, एवढ्या मोठ्या आवाजात तिने सांगितलं, “चोच मी पाहिली नाही.”